तुम्ही विचारलंत म्हणून: विंडोज फोन सोडायला एवढी वर्षं का लागली

"काहून बाप्पा, सारं गाव अँड्रॉइडवर गेलं अन् तू त्या विंडोजलेच काहून धरून बसला होता?" टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, अजूनही कोणी ना कोणी विचारतंच. आधी वाद घालायचो, मग गप्प राहायला लागलो. आता एकदाच नीट लिहितो.

फोन वाईट नव्हता, हे आधी ऐकून घ्या. 2015 मध्ये तुरीच्या पैशातून अमरावतीहून ल्युमिया 830 आणला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या विंडोजवर चालणारा फोन. एक जीबी रॅम, पण कधी अडकला नाही, मागे झाइसची लेन्स, आणि नकाशे एकदा उतरवून घेतले की रेंज नसली तरी चालायचे. आमच्याकडे दारव्ह्याहून आत आलं की रेंजसाठी टेकडी चढावी लागते, तेव्हा याची किंमत आम्हालाच कळणार.

ॲप नव्हते हे मला कळत नव्हतं असं नाही. माझ्या बँकेचं होतं ते एक दिवस स्टोअरमधून निघून गेलं. 30 डिसेंबर 2016 ला पैसे पाठवायचं सरकारी ॲप भीम आलं ते अँड्रॉइडवर, मग आयफोनवर, आमच्याकडे आलंच नाही. वापरणारे कमी म्हणून ॲपवाले फिरकत नव्हते आणि ॲप नाहीत म्हणून वापरणारे वाढत नव्हते. 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टने ॲस्टोरिया जाहीर केला होता, म्हणजे अँड्रॉइडचेच ॲप या फोनवर चालणार, तेव्हा मी पोट्ट्यांना सांगत सुटलो की थांबा, वर्षभरात सगळं येते. फेब्रुवारी 2016 मध्ये तो गुंडाळला. तेव्हाच सोडायला पाहिजे होता. पण तेव्हाचा मी म्हणायचा, चांगली वस्तू लोक वापरत नाहीत म्हणून ती वाईट होते का? आणि याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही.

आता ते सांगतो जे टपरीवर सांगत नाही.

2018 च्या रब्बीत एका शुक्रवारी संध्याकाळी गारा पडल्या. वीस मिनिटं. माझा गहू गेला आणि शेजारच्या वावरातला चुलतकाकाचाही. ओंब्या चिखलात दाबल्या गेल्या होत्या. मी पाच रुपयाचं नाणं गारेशेजारी ठेवून फोटो काढला, नाणं लहान दिसत होतं, आणि फोटो इतका स्वच्छ की गारेच्या आतले थर दिसावे. काकाला दाखवला. काकाचं विम्याचं सगळं मीच पाहायचो, तो म्हणायचा तुयाजवळ मोठा फोन हाय, तूच कर.

तेव्हा पीक विम्यासाठी नुकसान 48 तासांत कळवायचा नियम होता, 72 तास नंतर झाले. दुसऱ्या दिवशी चौथा शनिवार, मग रविवार, बँक बंद, ऑफिस बंद. टोल फ्री नंबर शनिवारी दिवसभर लावला, लागला नाही. उरलं विमा कंपनीचं ॲप, ते फक्त अँड्रॉइडवर. शनिवारीच कोणाचा तरी फोन मागायला पाहिजे होता हे मला मान्य आहे. नाही मागितला. एवढी वर्षं ज्यांच्याशी भांडलो त्यांच्यासमोर हात पसरायचा नव्हता. रविवारी दुपारी शेवटी एका पोट्ट्याचा फोन घेतला. फोटो त्या ॲपमधूनच काढायचे होते म्हणून आधी वावरात गेलो, मग रेंजसाठी टेकडीवर. माझे कागद हाताशी होते म्हणून माझं आधी भरलं. काकाचं भरायला घेतलं तर पासबुक घरी, पळत जाऊन आणलं, तोवर दिवस कलला होता. शुक्रवारपासून गावात लाइट नव्हती. काकाचा फोटो अपलोड होता होता त्या पोट्ट्याचा फोन बंद पडला. माझ्या खिशात चालू फोन होता, वर भरलेली जादा बॅटरी होती, 830 ची बॅटरी निघायची ना, पण ती त्याच्या फोनला काय कामाची. मी तिथंच दगडावर बसून राहिलो.

माझ्या खात्यात पैसे आले. काकाच्या नाही आले. मी घरी जाऊन सगळं सांगितलं तेव्हा काका एवढंच बोलला, "असू दे. तुया फोटो त साजरा आला होता."

तुम्ही म्हणाल, मग दुसऱ्या दिवशी फोन बदलला असेल. नाही बदलला. पुढे जवळपास दोन वर्षं तोच वापरला, 31 डिसेंबर 2019 ला व्हॉट्सॲप त्याच्यावर बंद झालं तोपर्यंत. वरून सांगायचो की शेतकऱ्याचा विमा कोणत्या कंपनीचा फोन खिशात आहे यावर का ठरावा, आणि हे मी आजही म्हणतो, एका फोनवर चालणारी सोय म्हणजे सोय नाही. पण बदलला असता तर काकाचे पैसे माझ्यामुळं गेले हे मीच कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि ते मला जमत नव्हतं. दोन्ही कारणं खरी आहेत, कोणतं मोठं ते मला ठरवता येत नाही.

आता अँड्रॉइड आहे. 2021 पासून ई-पीक पाहणी सुरू झाली, म्हणजे वावरात उभं राहून पिकाची नोंद फोटोसकट आपणच ॲपवर करायची, तेव्हापासून दर हंगामात आधी काकाच्या वावरात जातो, मग माझ्या. काका बांधावर उभा राहतो. "गेलं का रे?" विचारतो, आणि मी स्क्रीन त्याच्यासमोर धरेपर्यंत तिथून हलत नाही.