शिट्टी होईपर्यंत

जळगावच्या माणसाला व्यायाम टाळायला निमित्त शोधावं लागत नाही, हवामानच ते घरपोच आणून देतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात गेला, की मेहरूण तलावावर फिरायला जायची वेळ एकच उरते, पहाटे पाचची. आणि रात्रभर तापलेल्या गच्चीवर कूस बदलणाऱ्याला नेमकी तेव्हाच झोप लागते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. थंडीत सगळं अनुकूल असतं, पण थंडीत कुणाच्या तरी मळ्यात भरताची पार्टी असते. काड्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी आणि वर "बस ना भो, काय घाई शे?" असा आग्रह. तिथून उठून चालायला जाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मला व्यायामाचा कंटाळा आहे. दुखतं, दमायला होतं वगैरे नंतरचं, कंटाळा मुख्य. ज्यांना आवड आहे ते सांगतात, "सवय लागली की मजा येते." येत असेल त्यांना. माझं मत असं, की कंटाळ्याच्या माणसाने आवड लावून घ्यायच्या भानगडीत पडूच नये. घरात नाहीतरी ताटकळणं पुष्कळ असतं, त्यातच हे नावडतं काम उरकून टाकावं.

उदाहरणार्थ, कुकर. डाळीच्या तीन शिट्ट्या व्हायच्या असतात आणि आपण तिथे उगाच उभे असतो. ओट्याला हात लावून टाचा वर उचलायच्या, सावकाश खाली टेकवायच्या. पोटऱ्या आवळल्या की पायांत उतरलेलं रक्त वर ढकललं जातं. दिवसभर दुकानात उभं राहणाऱ्याला हे फार बरं. दूध तापत असेल तर ओट्यावर दोन्ही हात टेकून, पाय मागे घेऊन तिरके दंड काढावेत. जमिनीवरच्या दंडांपेक्षा हे कितीतरी सोपे. शिवाय दुधासमोरून हलता येत नाही, त्यामुळे व्यायाम सोडून पळताही येत नाही.

अशा चिल्लर व्यायामाने काय होणार, असं पूर्वी तज्ज्ञही म्हणायचे. सलग दहा मिनिटं तरी हालचाल हवी, तरच ती हिशेबात धरायची, असा दंडक होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या शिफारशींत तो काढून टाकला. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि निदान दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असं काही, एवढं त्यांचं म्हणणं. तुकड्या-तुकड्यांनी केलेलंही चालतं. आळशी माणसाच्या बाजूने इतका मोठा निकाल क्वचितच लागतो.

स्नायूंच्या जोरासाठी डंबेल्स विकत घ्यायची गरज नाही. लिटरभर पाण्याची बाटली म्हणजे किलोभर वजन. वाळू भरली तर दीड किलोच्या वर जातं, पण गिरणा नदीच्या वाळूला आलेला भाव पाहता पाणीच परवडतं. तुपाचा कडीचा रिकामा डबा पाण्याने भरून घेतला तर आणखी उत्तम. अमळनेरला १९४५ साली वनस्पती तूप करणारी कंपनी निघाली, तिचीच पुढे विप्रो झाली. ते तूप खाऊन वाढलेल्या पोटांची परतफेड तुपाच्याच डब्याने करावी, हे न्यायाला धरून आहे. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं हा तर निव्वळ फुकटचा प्रकार. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करावी. फार दुखत असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

पण खानदेशातला खरा आखाडा म्हणजे गच्ची. उन्हाळ्यात गाद्या रात्री वर, सकाळी खाली. कापसाच्या प्रदेशातल्या गाद्या त्या, हलक्या कुठून असणार? गादी खांद्यावर टाकून दोन मजले चढून पाहा, मांड्या आणि छाती दोन्ही बोलायला लागतात. सगळं एका खेपेत नेण्याचा आपला स्वभाव असतो. तो मोडावा. गादी वेगळी, उशी वेगळी, पाण्याचा तांब्या वेगळा. घरचे हसतात, हसू द्यावं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या पोरी निंबाला बांधलेल्या झोक्यावर उभ्याने झोका चढवतात, तेव्हा गुडघ्यांत वाकून पुन्हा ताठ होण्याचं काम शेकडो वेळा होतं. वर गाणीही चालू असतात. दम लागतो, पण थांबायचं नाव कुणी घेत नाही. ज्यांच्याकडे ना निंब ना झोका, त्यांनी दार लावून मोबाइलवर पावरीची, म्हणजे आमच्याकडच्या फुंकून वाजवायच्या वाद्याची, चाल लावावी. लग्नात ती वाजली की गुडघेदुखीवाले काकासुद्धा वरातीत शिरतात. घरात तर बघायलाही कुणी नसतं.

हे सगळं लिहीत असताना खालच्या मजल्यावरच्या वहिनींचा आवाज आला.

"भाऊ, बिबड्यांचा घाटा हलवायला येता का? आमच्या यांचा हात भरून आला."

बिबड्या म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. त्यांच्या पिठाचा घाटा शिजत आला की चाटू दोन्ही हातांनी धरूनही हलत नाही. खांद्यांना याहून कडक व्यायाम मला माहीत नाही. नंतर बिबड्या घालायला गच्चीवर खेपा होतात त्या वेगळ्याच. मी विचारलं, "घाटा तिखट केलाय ना? वर तेल मिळेल?"

"वाटीभर काढून ठेवते," वहिनी म्हणाल्या.

मी निघालो. लेखाचं नंतर बघू, घाटा गार झाला तर त्याला चव नाही.