लोहगडवाडीचा मुक्काम: कब आणि स्काऊट एकत्र नेताना

जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारी आमच्या स्काऊट ग्रुपचा मुक्काम लोहगडवाडीत, म्हणजे लोणावळ्याजवळच्या लोहगडाच्या पायथ्याच्या वाडीत झाला. तीन संघ (आठ-आठ जणांचे) स्काऊट, तीन सिक्स (सहा-सहा जणांच्या तुकड्या) कब आणि सात मोठी माणसं. मळवली स्टेशन, भाजे लेणी, लोहगडवाडी, लोहगड आणि परत मळवली असा मार्ग. पुण्यातल्या शाळांच्या पथकांना हा मार्ग नवा नाही, पण बहुतेक जण एकतर नुसते स्काऊट नेतात नाहीतर नुसते कब. दोघांना एकत्र नेणार असाल, तर मुक्काम एक आणि सहली दोन अशी आखणी करा. भारत स्काऊट्स आणि गाईड्समध्ये कब पाच ते दहा वर्षांचे, स्काऊट दहा ते सतरा. सहा वर्षांच्या पायांना आणि पंधरा वर्षांच्या पायांना एकच वेळापत्रक लावलं, की दुपारपर्यंत लहान मुलं रडकुंडीला येतात आणि मोठी कंटाळून उनाडक्या करायला लागतात. या वृत्तांतात म्हणूनच कुठे एकत्र राहायचं आणि कुठे वाटा वेगळ्या करायच्या, यावर जास्त भर आहे.

महिना निवडताना पावसाळा सरळ सोडून द्या. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी गडाच्या पायऱ्यांवर अक्षरशः रेटारेटी असते, शेवाळामुळे दगड निसरडे होतात आणि धुक्यात डोकी मोजता येत नाहीत. एप्रिल-मे मध्ये ऊन आणि पाण्याची टंचाई. नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ उत्तम. मात्र वाडी डोंगरावर असल्याने जानेवारीत पहाटे चांगलंच गारठतं. प्रत्येक मुलाकडे स्वेटर, कानटोपी आणि पायमोज्यांचा एक कोरडा जोड हवाच.

निघण्यापूर्वी पालकांची लेखी संमती, जिल्हा संस्थेची परवानगी आणि शाळेचं पत्र यांच्या दोन-दोन प्रती काढा. एक संच सोबत, एक मागे घरी राहणाऱ्या पदाधिकाऱ्याकडे. संमतिपत्रावर औषधांची ॲलर्जी, दमा, फिट येणे, अंथरूण ओलं होणे या चार गोष्टी स्पष्ट विचारा. शेवटची पालक आपणहून कधीच सांगत नाहीत. बुलबुल (कबच्या वयाच्या मुली) आणि गाईड (स्काऊटच्या वयाच्या मुली) सोबत असतील तर महिला लीडर लागतातच, त्याला पर्याय नाही.

मळवलीला उतरणं

पुणे-लोणावळा लोकलमध्ये कामशेतनंतर मळवली. मुंबईहून येणाऱ्यांनी लोणावळ्याला उतरून पुण्याकडे जाणारी लोकल धरायची, मळवली पहिलंच स्टेशन. गाडी इथे जेमतेम अर्धा-पाऊण मिनिट थांबते. चाळीसेक मुलं आणि त्यांच्या सॅक एवढ्या वेळात उतरवायच्या म्हणजे तयारी आधीच हवी. सगळ्यांना एकाच डब्यात, पण दोन दारांत वाटून बसवा. कामशेत सुटलं की सॅक पाठीवर, मुलं आपापल्या दारामागे ओळीत. प्रत्येक दारातून आधी एक मोठा माणूस उतरतो, मग कब, मग स्काऊट, शेवटी दुसरा मोठा माणूस. सॅक आधी फलाटावर फेकू नका. मागून उतरणारं पोर नेमकं त्यांच्यातच अडखळतं. फलाटावर सिक्सरने (सिक्सच्या नायकाने) आपले सहा आणि संघनायकाने आपले आठ मोजून कळवायचे. सगळी मुलं एकट्याने मोजत बसलेला कब मास्टर हमखास चुकतो.

परतीच्या गाडीचं वेळापत्रक जातानाच पाहून ठेवा. दुपारी या मार्गावर लोकलमध्ये मोठं अंतर पडतं आणि एक गाडी चुकली की मुलं दोन-दोन तास फलाटावर बसून राहतात.

स्टेशनवरून भाजे गावाकडे निघालं की मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुलावरून ओलांडावा लागतो. पुलावर आणि पुढच्या रस्त्यावर एकेरी रांग, उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. रांगेच्या पुढे-मागे लाल स्कार्फ बांधलेली काठी धरलेला स्काऊट ठेवला, तर जीपवाले आपोआप हळू होतात.

भाजे लेणी: इथपर्यंत सगळे एकत्र

भाज्यापर्यंतचं अंतर दोनेक किलोमीटर, कब आरामात चालतात. पोह्यांचा नाश्ता आधी, लेणी नंतर. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांवर १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, पण उंचापुऱ्या स्काऊटच्या वयावर खिडकीशी वाद होतो. शाळेची ओळखपत्रं किंवा जन्मतारखांसह शाळेच्या शिक्क्याची यादी हाताशी ठेवा.

एकूण २२ लेणी, इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकापासून कोरलेली. मुलांना सगळी दाखवायच्या फंदात पडू नका, दोन जागा पुरेत. पहिली, मोठं चैत्यगृह. छताला मुळातल्या लाकडी कमानी अजून आहेत, आणि आतले खांब किंचित आत झुकलेले आहेत. स्काऊटना कारण विचारा. लाकडी बांधकामात खांब तिरके लावले की छताचा भार पेलतो; दगडात त्याची गरज नव्हती, तरी कोरणाऱ्यांनी सवयीने तसंच ठेवलं. पायोनिअरिंग (लाठ्या-दोऱ्यांची बांधणी) शिकणाऱ्या मुलाला हे पटकन कळतं. दुसरी जागा स्तूपांच्या समूहाची, एकूण १४ स्तूप: पाच आत, नऊ बाहेर. कबना मोजायला सांगा. पहिल्या फेरीत निम्मी मुलं आतले विसरतात. किम्स गेमही इथेच घ्यावा. तीन मिनिटं गप्प राहून पाहायचं, मग खाली येऊन प्रत्येक सिक्सने आठवतील तेवढ्या वस्तू सांगायच्या. लेण्यांत शिट्टी वाजवू नका आणि धूर करू नका. अशा कड्यांना आग्यामोहोळं असतात.

भाज्यापासून दोन वाटा

लेणी उतरल्यावर कब जीपने वाडीत, स्काऊट चालत. भाज्यापासून गायमुख खिंडीपर्यंत घाटाचा डांबरी रस्ता चढतो. खिंडीत डावीकडे विसापूर गड, उजवीकडे लोहगडवाडी. मळवलीपासून धरलं तर एकूण सहा-सात किलोमीटर. पाठीवर ओझं घेऊन स्काऊटना भाज्यापासून दोन तास धरा. मुलाच्या वजनाच्या पाचव्या भागाहून जड सॅक नको. ४० किलोच्या मुलाला आठ किलो खूप झाले. तंबू, पातेली आणि शिधा जीपमध्ये घाला, त्यात कमीपणा काही नाही.

या टप्प्यात स्काऊटना दगडांच्या मागखुणा (मागून येणाऱ्यांना वाट दाखवणाऱ्या खुणा) लावायला दिल्या. बाण म्हणजे इकडून, फुली म्हणजे इकडून नाही, चौकोनात आकडा म्हणजे तितक्या पावलांवर चिठ्ठी, आणि मध्ये टिंब असलेलं वर्तुळ म्हणजे मी घरी गेलो. खुणा लावणारा संघ पंधराच मिनिटं पुढे हवा. त्याहून जास्त अंतर पडलं की गुरं आणि पर्यटक दगड उधळून टाकतात. प्रत्येक बाणाच्या टोकाशी ठरलेल्या झाडाचं पान दाबून ठेवायचं, नाहीतर दुसऱ्याच कुठल्या ग्रुपच्या बाणामागे मुलं भरकटतात. खडू आणि रंग पूर्ण बंद. शेवटच्या संघाने दगड पुन्हा बाजूला सारायचे.

मुक्काम आणि स्वयंपाक

गडावर राहायला परवानगी नाही, त्यामुळे मुक्काम वाडीतल्या घराच्या अंगणात. कब पडवीत, स्काऊट तंबूत. घर ठरवताना जेवणाच्या दराआधी संडास किती आणि पाण्याचं पिंप केवढं ते विचारा. चाळीस जणांना दोन संडास असतील तर कबना सकाळी साडेपाचलाच उठवावं लागतं, आणि दोनशे लिटरचं पिंप रात्रीच भरलेलं हवं.

इथली जमीन मुरमाड. तंबूसोबत येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या बारीक खुंट्या दुसऱ्याच घावाला वाकतात. आठ इंची लोखंडी खिळे आणि एक किलोचा हातोडा न्या. खिळाही शिरत नसेल तर ताणाची दोरी डोक्याएवढ्या दगडाला राऊंड टर्न आणि दोन हाफ हिच (दोरीचा पूर्ण वेढा आणि दोन अर्ध्या गाठी) मारून बांधा. रात्री खिंडीतून वारा येतो, तंबूचं दार त्याच्याकडे पाठ करून लावायचं.

हात धुण्याच्या स्टँडसाठी तीन लाठ्यांची तिकाटी बांधली. मुलं हमखास चुकतात ती जागा इथे आहे. तिन्ही लाठ्या शेजारी-शेजारी ठेवून एका कडेच्या लाठीला क्लोव्ह हिच (एकमेकांवरून जाणाऱ्या दोन वेढ्यांची गाठ) मारा, मग दोरी वर-खाली अशी विणत सहा-सात वेढे द्या. वेढे सैल हवेत. करकचून आवळले की पाय फाकत नाहीत, आणि जोर लावून फाकवले तर लाठी चिरते. घट्टपणा येतो तो लाठ्यांच्या मधून मारलेल्या दोन-दोन आडव्या वेढ्यांनी. शेवटी पुन्हा क्लोव्ह हिच. एका तिकाटीला तीन मीटर सुती किंवा काथ्याची दोरी पुरते. नायलॉनची नको, ती सरकते आणि अर्ध्या तासात पाण्याचा कॅन खाली येतो.

स्वयंपाक प्रत्येक संघाने स्वतःसाठी आणि एका सिक्ससाठी करायचा, म्हणजे चौदा पानांचा. ही विभागणी फार उपयोगी पडते. एकाच मोठ्या पातेल्यापुढे चार मुलं राबतात आणि वीस बघत बसतात. शिवाय तीस लिटरचं पातेलं तळापर्यंत ढवळणं तेरा वर्षांच्या मुलाच्या आवाक्यातलं नाही, खिचडी लागतेच. चौदा जणांच्या मऊ खिचडीचं प्रमाण: तांदूळ १ किलो १०० ग्रॅम, मूगडाळ अर्धा किलो, कांदे पाच-सहा, बटाटे पाऊण किलो, तेल एक वाटी, हळद दोन छोटे चमचे, मीठ सपाट तीन मोठे चमचे, पाणी सहा लिटर. पातेलं बारा लिटरचं. डाळ-तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवायचे. फोडणीत कांदे-बटाटे परतून आधी पाण्याला आधण येऊ द्यायचं, मगच डाळ-तांदूळ घालायचे. गार पाण्यात घातले तर आधण येईपर्यंत तांदूळ तळाशी बसतो आणि करपतो. उकळी आली की मोठी लाकडं ओढून घ्या, निखाऱ्यांवर शिजू द्या. कबच्या ताटात तिखट नको. मिरचीचा ठेचा वेगळा ठेवा.

चूल मांडण्याआधी पातेल्याला बाहेरून ओल्या मातीचा लेप द्या. काजळी मातीसकट निघते आणि घासायला निम्मा वेळ लागतो. सरपण वाडीतूनच विकत घ्या. एका चुलीला एका वेळच्या स्वयंपाकाला पाच-सहा किलो वाळलेलं लाकूड लागतं.

शेकोटीभोवती तीन मीटर गवत साफ, शेजारी पाण्याच्या दोन बादल्या. जानेवारीत डोंगरावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं, एक ठिणगी पुरते. कबचे कार्यक्रम आधी घ्या आणि नऊ वाजता त्यांना झोपवा. स्काऊटची नाटुकली नंतर चालू द्यावी. ती तशीही लांबतातच.

गड

दुसऱ्या दिवशी तिकिटाची खिडकी उघडल्या उघडल्या चढायचं. दहानंतर रविवारची गर्दी सुरू होते. लोहगडला दरवाजे चार: गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. वाट सापासारखी वळत जाते, त्यामुळे कबना चार आपोआप थांबे मिळतात. दर दरवाजात पाणी आणि मोजणी. वरच्या तटावर उभा राहिलेला एक लीडर खालची वळणंही पाहू शकतो, म्हणून एकाला आधीच वर पाठवा. कबच्या चालीने वर पोचायला पाऊण ते एक तास.

माकडं धीट आहेत. हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की ती खाऊचीच, असा त्यांचा ठाम समज. खाऊ सॅकच्या आत, आणि खाणं गडावर नकोच. होकायंत्राचा सराव लोखंडी कठड्यांजवळ घेऊ नका, सुई भलतीकडे वळते. मोकळ्या पठारावर घ्या.

वर पुन्हा वाटा वेगळ्या. कबना लक्ष्मी कोठी (कातळात कोरलेली गुहा) आणि सोळाकोनी तळं, तेही काठापासून लांबूनच. स्काऊट विंचूकाट्यावर, म्हणजे गडाच्या लांब निमुळत्या सोंडेवर. तिथे जायला कातळाचा एक छोटा टप्पा उतरावा लागतो. कबना तिथे नेऊ नये, आणि स्काऊटनीही तोंड कातळाकडे करून एकेकाने उतरावं. काट्यावर इतिहास थोडक्यात सांगा: १६६५ च्या पुरंदरच्या तहात गड मोगलांकडे गेला आणि १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी परत घेतला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत लोहगड आहे, हेही लॉगबुकात यावं.

औषधांच्या पेटीत सर्वांत जास्त खपते ती फोडांवरची चिकटपट्टी, मग ओआरएस. नवे बूट घालून कुणाला येऊ देऊ नका. एक जीप दोन्ही दिवस वाडीतच उभी हवी. रविवारी दुपारी भाज्याकडचा रस्ता तुंबतो, तेव्हा लोणावळ्याला जायला दुधिवरे खिंडीची बाजू चालकाला माहीत आहे ना, हे आधी विचारून ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

उतरून जेवण बारापर्यंत उरकलं तर कब दीडच्या सुमारास जीपने आणि स्काऊट घाटाने खाली येतात, आणि चारच्या सुमाराची लोकल निवांत मिळते. तंबू दवाने ओले असतात. घडी घालून तसेच कपाटात ठेवले तर आठवड्यात काळे डाग पडतात, तेव्हा सोमवारी शाळेच्या गच्चीवर वाळत घालायची पाळी कुठल्या संघाची, ते लोकलमध्येच ठरवून टाका.