सोमवारचं पोट

सोमवारची ओपीडी म्हणजे आमच्याकडे जत्रा असते. तालुक्याचं गाव, लहान मुलांचा डॉक्टर मी एकटाच, त्यामुळे रविवारभर अंगावर काढलेला ताप-खोकला सोमवारी दारात. त्यात दोन-तीन "पोट दुखतंय"वाले असतातच आणि खरं सांगायचं तर जंताचं औषध नि ॲसिडिटीचं सिरप लिहून मी पाच मिनिटांत मोकळा होतो. हा पाचवीतला पोरगापण असाच एकदा माझ्याकडून सिरप घेऊन गेलेला.

या वेळी वडील जाडजूड फाईल घेऊन आले. मधल्या काळात जिल्ह्याला जाऊन सोनोग्राफी झालेली, रिपोर्टात पोटात गाठी दिसल्याचं छापलेलं, आणि गाठी म्हटलं की घरात टीबीपासून कॅन्सरपर्यंत सगळी चर्चा होऊन गेलेली. आता या वयात अशा बारक्या गाठी धडधाकट पोरांतही दिसतात, पण कागदावर आलं की माणसाची झोप उडते. बाकी वजन नीट, ताप नाही, रात्री दुखून उठत नाही, कुठे दुखतं विचारलं की बोट बेंबीवर. रविवारी काही नाही, सोमवारी सकाळी सातला बरोबर सुरू.

"नाटकं आहेत सर, स्कॉलरशिपचा क्लास लावलाय ना," वडील.

नाटक नाही पण परीक्षेचं टेन्शन असणार असं मीपण ठरवूनच टाकलेलं, पोट तपासता तपासता मनात भाषण जुळवत होतो, तेवढ्यात हा म्हणतो, "डॉक्टर, ते बीपीचं मशीन आईला पण लावा ना."

"गप रे, मला काय धाड भरलीय," आई.

दोघांना जरा बाहेर बसवलं. बाहेर रांग ओरडत होती, ओरडू दे म्हटलं. बराच वेळ काही बोलेना, मग एकदम सगळं आलं. दिवाळीत चकल्या तळताना आई घेरी येऊन पडली, घरात हा एकटा. यानेच गॅस बंद केला, तोंडावर पाणी मारलं. शुद्धीवर आल्यावर आई म्हणाली काही नाही झालं, पप्पांना सांगू नको. ते याने तीन महिने पाळलं. "मी शाळेत असताना परत पडली तर?" हे विचारताना माझ्याकडे बघतच नव्हता, टेबलावरच्या टॉर्चचं बटण चालू-बंद, चालू-बंद.

पप्पांना सांगू का विचारलं, होकारार्थी मान हलवली.

आईची पापणी खाली ओढून बघितली तर आत पांढरीफटक. हिमोग्लोबिन ७.८. कित्येक महिने पाळीत अंगावरून जास्त जात होतं, पण सांगायचं कुणाला. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया आहे हे मी दर मीटिंगला ऐकतो, आणि गेल्या खेपेला हीच बाई माझ्यासमोर बसलेली असून मला दिसली नव्हती. वडील नुसते फाईलची नाडी गुंडाळत बसले.

पोराला औषध शून्य. दुखतं ते खरंच दुखतं, भीतीने आतडी पिळवटतात, त्याला नाटकी म्हणायचं नाही एवढं वडिलांना दोनदा सांगितलं. शाळा मात्र बुडवायची नाही, घरी ठेवला तर आईवर पहारा देत बसेल. मधल्या सुट्टीत बाईंच्या फोनवरून आईला एक कॉल, दोन आठवडेच. "दुखतंय का" सारखं विचारायचं नाही. आणि लपवाछपवी बंद, लोहाची गोळी त्याच्यासमोर घ्यायची. आईला बायकांच्या डॉक्टरकडे चिठ्ठी दिली. गावात काउन्सेलर नाही, म्हणून टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लिहून दिला, फुकट आहे, मराठीत बोलतात.

महिन्याने आले. अजून एखाद्या सोमवारी दुखतं म्हणे, पण शाळेत जातो. आईचा रिपोर्ट याच्याच हातात होता.

"नऊ पॉइंट चार झालं," तो म्हणाला. "बारा लागतं ना?"

"हो, बारा."

"मग अजून दोन पॉइंट सहा," असं म्हणून रिपोर्टाची घडी घालून खिशात टाकली, माझ्याकडे दिलीच नाही.