एवढ्याशा पत्तीतून एवढा आवाज कसा?

लग्नात क्लॅरिनेट, म्हणजे बँडमधली ती काळी फुंकायची नळी, हातात दिसली की कोणी ना कोणी जवळ येऊन विचारतंच, "भाऊ, तोंडात धरता तो तुकडा तर बोटभर. आवाज वेशीपर्यंत जातो कसा?" आमच्या गावातला माणूस असला तर दुसराही प्रश्न असतो, "तुमचे आबाजी सनई वाजवत, तुम्ही हे वाजवता. दोन्ही फुंकायचंच, मग आवाजात एवढा फरक काहून?" परवा आर्वीजवळच्या एका लग्नात एका मामांनी हेच विचारलं आणि मी नुसती मान हलवली. त्यांना वाईट वाटलं असणार. मामा, तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो.

दोन्ही जातीची वाद्यं तुम्ही लहानपणी स्वतः केलेली आहेत. पिंपळाचं कोवळं पान तिरपं गुंडाळत नेलं की एक टोक निमुळतं होतं आणि दुसरं पसरट. निमुळतं टोक दातांनी हलकेच दाबून चपटं केलं की त्याचे दोन ओठ तयार होतात. ते तोंडात धरून फुंकलं की दोन्ही ओठ एकमेकांवर आपटून पिपाणी वाजते. सनई ती हीच, दोन पात्यांची. दुसरी हिरव्या गव्हाच्या काडीची. बंद पेराजवळ ब्लेडनं तिरपा काप द्यायचा, म्हणजे काडीचीच एक पातळ जीभ अर्धवट सुटते. फुंकलं की ती जीभ काडीच्या भिंतीवर आपटते. गारुड्याच्या पुंगीत, भोपळ्याच्या आत, अशाच जिभा कापलेल्या नळ्या असतात. क्लॅरिनेटही याच कुळातली. तिथे काडीच्या भिंतीऐवजी काळा कडक माउथपीस असतो आणि त्यावर दोन स्क्रूच्या कड्यानं आवळलेली, बोरूसारख्या जाड गवताची एक पट्टी. तिलाच आम्ही रीड म्हणतो.

आता ही पट्टी करते काय? बहुतेकांना वाटतं की पट्टी थरथरते आणि तोच आवाज. तसं नाही. पट्टी म्हणजे दार. माउथपीस आणि रीडच्या टोकामध्ये जेमतेम मिलिमीटरभर फट असते, आणि टोकाशी रीड मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतकी पातळ. तोंडात हवेचा दाब वाढला की तो रीडला फटीकडे ढकलतो आणि दार मिटायला लागतं. आत गेलेला हवेचा झटका नळीतून खाली जातो, उघड्या तोंडाशी आपटून परत येतो आणि येताना दाराला सांगतो, उघड किंवा मीट. दार त्याचं ऐकतं. क्लॅरिनेटच्या सगळ्यात खालच्या सुराला हे दार सेकंदाला सुमारे 147 वेळा उघडतं आणि मिटतं. श्वास एकसारखा जातो आणि दार त्याचे तुकडे पाडतं. वेशीपर्यंत जातो तो या तुकड्यांनी हलवलेल्या हवेचा आवाज.

भजनी मंडळाची पेटी इथेच वेगळी पडते. पेटीतली पितळी पट्टी कडक असते आणि तिचा सूर तिच्या स्वतःच्या लांबी-जाडीवर ठरलेला असतो, म्हणून प्रत्येक सुराला वेगळी पट्टी लागते. आमची गवताची पट्टी मऊ आणि हलकी. ती नळीच्या हुकमात राहते, म्हणून एकाच पट्टीवर सगळे सूर निघतात.

हे पाहायचं असेल तर संत्र्याच्या बागेत चला. मी गावातल्या पोट्ट्यांना असंच दाखवतो. ठिबकची 16 मिलिमीटरची नळी दोन फूट कापायची, माउथपीसच्या बुडाला टेकवायची आणि सांध्यावर चिकटपट्टी घट्ट गुंडाळायची. फुंकलं की म्हशीसारखा खर्जातला सूर निघतो. मग नळी वीतभर कापा, सूर चढतो. आणखी कापा, आणखी चढतो. रीड तीच, ओठ तेच, फुंकही तीच. नळीला भोकं पाडली तरी हेच होतं, कारण बोट उचललं म्हणजे नळी तेवढी आखूड झाली.

आता मामांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. सनईला दोन पाती आणि क्लॅरिनेटला एक, म्हणून आवाज वेगळा, असंच सगळे सांगतात. मीही बरीच वर्षं तेच सांगायचो. पण मोठा फरक पात्यांचा नाही, नळीच्या पोटाचा आहे. क्लॅरिनेट आतून जवळपास सरळ, वरपासून खालपर्यंत सारख्या व्यासाची. सनई पत्तीपाशी, म्हणजे फुंकायच्या दोन पात्यांपाशी, अरुंद आणि खाली पितळी कर्ण्याकडे रुंद होत जाणारी, पिंपळाच्या पानासारखीच. एका टोकाला मिटलेल्या सरळ नळीत मूळ सुराच्या तिप्पट, पाचपट वेगानं थरथरणारे विषम पटींचे सूरच नीट उभे राहतात, दुप्पट आणि चौपट दबतात. म्हणून क्लॅरिनेटचा खालचा आवाज गोल आणि पोकळ लागतो. रुंदावत जाणाऱ्या नळीत सगळेच पट मिळतात, म्हणून सनई भरलेली आणि टोकदार.

वाजवणाऱ्याला हे बोटांत कळतं. सनईत खालचा सा वाजवून ओठ आवळले, फुंक वाढवली की त्याच बोटांवर दुप्पटीचा, म्हणजे वरचा सा येतो. क्लॅरिनेटच्या मागची डाव्या अंगठ्याची चावी दाबली तर त्याच बोटांवर सा नाही, तिप्पटीचा, म्हणजे वरच्या सप्तकातला प निघतो! आबाजींकडून सनई शिकून मी बँडमध्ये गेलो आणि पहिले कित्येक दिवस याच पंचमानं मला रडवलं. वरची आणि खालची बोटं दोनदा वेगळी पाठ करावी लागली. खरी साक्ष मात्र सॅक्सोफोनची. अडॉल्फ सॅक्सनं 1846 मध्ये पॅरिसला त्याचं पेटंट घेतलं. त्यात रीड क्लॅरिनेटसारखी एकच, पण नळी रुंद होत जाणारी, आणि तो सनईसारखा सा वरून सा वर जातो.

म्हणून दोन पाती बिनकामाची ठरत नाहीत. क्लॅरिनेटमध्ये एक बाजू कडक आहे, ओठाला एकच पट्टी सांभाळायची. सनईत दोन्ही पाती जिवंत, ओठांच्या मधे. किंचित दाबलं, किंचित सोडलं की सूर सरकतो, आणि आबाजींची मींड तिथूनच यायची. सनईला दोऱ्यानं लोंबकळताना दिसतात त्या जादा पत्त्या, आणि सोबतची सुई पत्तीचं तोंड उघडायला. नरकट नावाच्या गवताची पत्ती चांगली. बिहारमध्ये डुमरावकडे सोन नदीच्या काठी ते उगवतं, आणि उस्ताद बिस्मिल्ला खाँ त्याच डुमरावात 1916 मध्ये जन्मले.

पत्ती सनईची असो की क्लॅरिनेटची, पाण्याशिवाय ती बोलत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि लग्नंही तेव्हाच. एकदा भर दुपारी मंगलाष्टकं संपता संपता माझी रीड चिरकली, अक्षता टाकता टाकता लोक वळून पाहायला लागले. कोरड्या वाऱ्यानं रीडच्या टोकाला लाट आली होती, ती माउथपीसला सपाट बसत नव्हती. दार नीट मिटेना तेव्हा पट्टी नळीचा हुकूम सोडते आणि स्वतःचाच उंच, कर्कश सूर ओरडते. तेव्हापासून मी वाजवण्याआधी एक तपासणी करतो. माउथपीसचं बूड तळहातानं बंद करायचं आणि रीडच्या बाजूनं हवा ओढून घ्यायची. ओठ काढल्यावरही क्षणभर रीड चिकटून राहिली आणि मग टप्पकन सुटली, तर ती बसली. लगेच सुटली तर पुन्हा भिजवायची.

आबाजी बिछायतीवर बसण्याआधी पत्ती जिभेखाली धरून फिरत. कोणी रामराम केला तर हात जोडत, तोंड उघडत नसत. परवा मांडवात तुम्ही विचारलंत ना मामा, तेव्हा माझ्याही तोंडात रीड भिजत होती.