२४ युनिटांची गाडी घेऊन कोकणात

नॉर्वेत राहणाऱ्या माणसाला गावाकडून पूर्वी थंडीविषयी विचारले जात असे. आता गाडीविषयी विचारले जाते. तिथे २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळजवळ ८९ टक्के मोटारी पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या होत्या, ही बातमी आपल्याकडेही पोचलेली आहे, आणि तिच्यामागून प्रश्न येतो की तुमच्याकडे सोयी आहेत म्हणून हे जमते, आमच्या कोकणात लहान बॅटरीची गाडी घेऊन लांब जायचे म्हटले तर कसे व्हायचे? पुण्याच्या माझ्या दादाने टियागो ईव्ही ही २४ युनिटांच्या बॅटरीची, विजेवर चालणारी लहान गाडी घेतली आणि मी मे महिन्यात माहेरी आल्यावर पुण्याहून गुहागर, तिथून किनाऱ्याने मालवण आणि परत असा प्रवास त्याच गाडीने करायचा असे त्याने ठरवले, तेव्हा हा प्रश्न आमच्या घरातच आला. त्या प्रवासाची आखणी आम्ही फोनवर बरेच दिवस करत होतो. ती कशी केली ते सविस्तर लिहीत आहे, कारण असा प्रवास करू इच्छिणारे पुष्कळ लोक कंपनीने सांगितलेल्या रेंजच्या, म्हणजे एकदा चार्ज केल्यावर गाडी किती अंतर जाईल त्याच्या, आकड्यापाशीच अडखळतात.

त्या आकड्यापासूनच सुरुवात करते. २४ युनिटांच्या टियागोची प्रमाणित रेंज ती बाजारात आली तेव्हा ३१५ किलोमीटर सांगितली होती. ती चाचणी ठरावीक वेगाची आणि ठरावीक परिस्थितीतली असते. चार माणसे, सामान, चालू एसी आणि कोकणातले चढउतार तिच्यात धरलेले नसतात. बॅटरीची क्षमता किलोवॅट-अवरमध्ये सांगतात आणि एक किलोवॅट-अवर म्हणजे आपल्या वीजबिलावरचे एक युनिट, त्यामुळे हिशेब घरच्या हिशेबासारखाच करता येतो. दादाची गाडी माणसे आणि सामान भरलेले असताना १०० किलोमीटरला साधारण १२ युनिटे घेते. म्हणजे २४ युनिटांत २०० किलोमीटर, आणि मुक्कामी पोचताना बॅटरीत २० टक्के शिल्लक असलीच पाहिजे असा नियम घातला, तर हाती उरतात १६० किलोमीटर. आम्ही एका टप्प्याला १५० किलोमीटरांची मर्यादा घातली आणि पुढची सगळी आखणी त्या आकड्यावर केली.

हा शिलकीचा नियम मी नॉर्वेत शिकले. तिथली माझी पहिली गाडी म्हणजे जुनी घेतलेली निसान लीफ, तीही २४ युनिटांचीच. या गाडीच्या पहिल्या आवृत्तीची रेंज अमेरिकी चाचणीत ११७ किलोमीटर भरली होती आणि कडाक्याच्या थंडीत ती आणखी बरीच घटत असे, कारण बॅटरी गारठते आणि गाडी गरम ठेवायलाही तीच वीज लागते. तेव्हा तिथे जलद चार्जरही आजच्याइतके नव्हते. तरीही लोक त्या गाड्यांतून डोंगरातल्या आपल्या लाकडी घरांना, ज्यांना तिथे ह्युत्ते म्हणतात, नियमाने जात असत. जमायचे ते एवढ्याचसाठी की निघण्यापूर्वीच त्यांना ठाऊक असायचे की पोचल्यावर गाडी रात्रभर कुठे लावायची. प्रवास सुरुवातीच्या टोकाकडून न आखता मुक्कामाकडून मागे आखायचा, ही पद्धत मला कोकणासाठी सर्वांत उपयोगाची वाटली.

कारण किनाऱ्याची परिस्थिती तशीच आहे. पुणे–सातारा रस्त्यावर, मुंबई–गोवा महामार्गावर आणि मोठ्या गावांत जलद चार्जर दिसू लागले आहेत. परंतु महामार्ग सोडून सागरी रस्त्याला लागले की ते विरळ होत जातात. तिथे खरा आधार म्हणजे मुक्कामाच्या घरातला पंधरा अँपिअरचा पॉवर प्लग, ज्यावर गिझर किंवा एसी चालतो. त्यातून या गाडीला तासाला सुमारे अडीच युनिटे मिळतात. रात्री नऊला लावलेली गाडी सकाळी सहा–सातपर्यंत भरते, आणि आपण तर झोपणारच असतो. म्हणून आम्ही राहण्याची ठिकाणे समुद्र किती जवळ आहे हे पाहून निवडली नाहीत. प्लग कसा आहे हे विचारून निवडली. हेदवीजवळ ज्यांच्याकडे राहायचे होते त्या काकूंना वहिनीने फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "प्लग आहे हो, पण तो मागच्या पडवीत, पंपाचा. गाडी तिथवर आणता आली तर खुशाल लावा." गाडी तिथवर येईल का, मध्ये पायरी किंवा गडगा आहे का, केबल पाच मीटरांत पोचेल का, हे सगळे त्याच फोनवर विचारून घेतले. घरगुती एक्स्टेन्शन बोर्ड वापरायचा नाही हे आधीच ठरले होते. नऊ–दहा तास अखंड दहा-अकरा अँपिअर वाहून नेण्यासाठी ते बोर्ड केलेले नसतात आणि त्यांची पातळ वायर तापते.

आता अर्थिंग, म्हणजे गळती झालेली वीज जमिनीत उतरवणारी जोडणी, जिच्याविषयी कोणी फारसे बोलत नाही आणि कोकणात जिच्यावर सगळे अवलंबून असते. गाडीचा चार्जर आधी अर्थिंग तपासतो आणि ते बरोबर नसेल तर चार्जिंग सुरूच करत नाही. फ्रिज, पंखे, टीव्ही यांना अर्थिंग नसले तरी ते चालतात, म्हणून अनेक घरांत ते कधीकाळी तुटलेले असते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. त्यात आपली जमीन जांभ्याची. जांभा पाणी धरून ठेवत नाही, आणि कोरड्या जांभ्यातून वीज जमिनीत सहज उतरत नाही. त्यामुळे पावसाळ्यात उत्तम असलेले अर्थिंग मे महिन्यात कमजोर होऊ शकते. जुने वायरमन अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालतात आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायला सांगतात, ते ओल टिकावी म्हणूनच. हेदवीला पोचल्यावर दादाने गाडी लावली तर चार्जरवरचा लाल दिवा पेटला आणि चार्जिंग सुरू होईना. काकूंच्या मुलाने घरामागे माडाच्या बुंध्याजवळचा खड्डा दाखवला. वर पालापाचोळा साचलेला, आतली माती भुगा झालेली. त्याने विहिरीच्या दोन कळशा पाणी ओतले, नळीच्या तोंडाशी असलेला गंजका बोल्ट पॉलिश पेपरने घासून वायर पुन्हा घट्ट आवळली, आणि थोड्या वेळाने हिरवा दिवा लागला. त्यानंतर अर्ध्या तासाने दादाने प्लगच्या कडेला हात लावून पाहिला. कोमट असेल तर चालते. हात ठेवता येणार नाही इतका तापला असेल तर सॉकेट आतून सैल आहे असे समजून चार्जिंग थांबवायचे आणि वायरमनला बोलवायचे. ज्यांचे स्वतःचे घर गावी आहे त्यांनी गाडीसाठी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि नवे अर्थिंग करून घ्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

घाटांचा हिशेबही वाटतो तितका अवघड नाही. माणसे आणि सामान धरून गाडी दीड टनाची समजली, तर ती ६०० मीटर वर चढवायला जवळजवळ अडीच युनिटे जास्त लागतात, म्हणजे या बॅटरीचा दहावा हिस्सा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे कोकणात जाताना एकूण उतार असतो आणि परतताना तेवढाच चढ. आम्ही जाताना सातारा रस्त्याने उंब्रजपर्यंत गेलो, महामार्गावर जेवणाच्या वेळेला जलद चार्जरवर ८० टक्क्यांपर्यंत चार्ज केले आणि पाटणवरून कुंभार्ली घाटाला लागलो. उतरताना गाडी ब्रेकमधून वीज परत घेते; घाटमाथ्यापासून चिपळूणपर्यंत बॅटरीचा आकडा जवळजवळ हलला नाही. यासाठी माथ्यावर बॅटरीत थोडी जागा रिकामी असावी लागते, काठोकाठ भरलेली बॅटरी उताराची वीज घेऊ शकत नाही. मोठ्या उताराच्या आधी पूर्ण चार्ज करणे म्हणूनच टाळावे.

या घाटाच्या पायथ्याशी कोयना जलविद्युत प्रकल्पाचे पोफळीचे भूमिगत वीजघर आहे, आणि इथून जाताना मला दरवेळी नॉर्वे आठवते. कोयनेच्या चौथ्या टप्प्यासाठी १९९९ मध्ये जलाशयाच्या तळाशी जे लेक टॅपिंग केले गेले ते तंत्र नॉर्वेतले आहे. तिथे अशा कितीतरी तळ्यांना खालून बोगद्याने भोक पाडून वीज काढलेली आहे आणि देशातली बहुतेक सगळी वीज पाण्यापासूनच होते.

किनाऱ्याच्या रस्त्याचे गणित वेगळे आणि बरेचसे गाडीच्या बाजूचे आहे. खाडीशी उतरायचे, पूल ओलांडायचा, पुन्हा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, चढायचे, हे सारखे चाललेले असते, पण प्रत्येक चढ लहान असतो आणि त्यातले निम्म्याहून अधिक उतारावर परत मिळते. शिवाय या रस्त्यांवर ताशी ४०–५० पेक्षा वेग जात नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे द्रुतगती मार्गावर १०० च्या वेगाने जाणाऱ्या गाडीपेक्षा वेळणेश्वरच्या वळणांवरून जाणारी गाडी त्याच बॅटरीत पुष्कळ पुढे जाते. एसीची भीतीही अनाठायी आहे. तो तासाला एखादे युनिट घेतो. तासभर वाहतूक कोंडीत उभे राहिले तरी आठ किलोमीटरांच्या आसपास रेंज कमी होते.

खरी काळजी घ्यावी लागते ती फेरीबोटींच्या बाबतीत. तवसाळहून जयगडला शास्त्री नदीची खाडी बोटीने ओलांडली की गुहागर ते गणपतीपुळे हे अंतर चिपळूणवरून फिरून जाण्याच्या निम्म्याहून कमी होते, आणि दाभोळ–धोपावेची फेरीही दापोलीकडून येणाऱ्यांचा वळसा तसाच वाचवते. पण हवा खराब झाली किंवा शेवटची फेरी चुकली, तर परत फिरून चिपळूण गाठावे लागते. म्हणून तवसाळच्या धक्क्यावर पोचताना बॅटरीत पुढच्या गणपतीपुळ्यापुरती वीज पुरेशी समजू नये. मागे चिपळूणपर्यंत जाण्याइतकी असावी. नॉर्वेतल्या फ्योर्डांवर, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या खाड्यांवर, हाच नियम लागू पडतो. तिथे २०१५ पासून बॅटरीवर चालणारी बोटही गाड्या ने-आण करते, तरी हवामान बिघडले की तीही थांबतेच.

पुढे गणपतीपुळे ते रत्नागिरी हा आरे-वारेचा टप्पा अगदी लहान. रत्नागिरीत जलद चार्जर असल्यामुळे तिथे दुपारी थांबलो आणि पावस, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड असे करत मालवणला गेलो. हा सगळ्या प्रवासातला सर्वांत लांब, चार्जरविना टप्पा असल्याने देवगडला एका ओळखीच्या घरी जेवायला थांबून दोन तास प्लग लावून घेतला. पाच युनिटे मिळाली, म्हणजे ४० किलोमीटर. त्यांची खरोखर गरज पडली नाही, तरी पुन्हा गेले तर हा थांबा मी वगळणार नाही.

जलद चार्जरवर विसंबायचे असेल तेव्हा ॲपमध्ये नुसता हिरवा ठिपका पाहून निघू नये. शेवटचे यशस्वी चार्जिंग कधी झाले याची नोंद पाहावी, तिथल्या हॉटेलला फोन करावा, आणि तो चार्जर बंद निघाला तर दुसरा कुठे आहे व तिथवर वीज पुरेल का, हे घरूनच ठरवावे. दोन-तीन कंपन्यांच्या ॲपमध्ये थोडे पैसे आधी भरून ठेवावेत, कारण घाटात नेटवर्क मिळेलच असे नाही. गणपतीत आणि शिमग्याला मात्र हिशेब बदलतो. नॉर्वेत ईस्टरला सगळा देश डोंगराकडे निघतो आणि चार्जरपुढे रांगा लागतात. आपल्याकडे चाकरमानी निघाल्यावर वेगळे काही होणार नाही. त्या दिवसांत रात्री निघावे किंवा पहिला मुक्काम अलीकडे घ्यावा.

परतताना आम्ही चिपळूणला मुक्काम केला, म्हणजे घाटाचा चढ पूर्ण भरलेल्या बॅटरीने सुरू होईल. पाटणला उतरलो तेव्हा अपेक्षेपेक्षा सात टक्के जास्त शिल्लक होती आणि सातारा रस्त्यावर एकाच थांब्यात पुणे गाठले.

एक गोष्ट ज्यांच्या घरी आपण उतरतो त्यांच्या बाजूने सांगायची राहिली. बॅटरीत २० युनिटे गेली की मीटरवर २२–२३ पडतात, कारण चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जाते. आणि घरगुती वीजबिलात वापर वाढला की पुढच्या युनिटांचा दरही वाढतो. यजमान संकोचाने काही बोलत नाहीत. दादाने प्लगमध्ये लावायचा लहान मीटर सोबत ठेवला होता. रात्रीचा आणि सकाळचा आकडा यजमानांना दाखवून, त्यांच्याच बिलावरच्या सर्वांत वरच्या दराने पैसे राहण्याच्या खर्चाव्यतिरिक्त द्यायचे, असे त्याने प्रत्येक ठिकाणी केले. हेदवीच्या काकूंनी आधी नको म्हटले, मग आकडा वहीत उतरवून घेतला आणि पुढच्या पाहुण्यांसाठी पडवीत वेगळा प्लग बसवायला किती खर्च येईल, हे दादाला विचारले.