एक ते हजार मोजायला लागणारा वेळ

माझ्या धाकट्या भावाने सीडीवरून ‘प्रिन्स’ या जुन्या खेळाचे फोल्डर आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतले, फाइलवर दोनदा क्लिक केले आणि हा प्रोग्राम या संगणकावर चालणार नाही, असा संदेश वाचून तो माझ्याकडे वळला. ‘‘ताई, तुझ्या लिनक्सवर बघ ना, तिथे तरी चालतो का.’’ ती सीडी आम्हीच २००३ मध्ये, घरातला पहिला संगणक काढून टाकण्यापूर्वी, त्यातले सगळे काही शिल्लक राहावे म्हणून लिहून ठेवली होती. तिच्यावर मार्करने ‘गेम्स आणि आबांची पत्रे’ असे लिहिलेले आहे. भावाची नऊ वर्षांची मुलगी शेजारीच बसली होती, कारण बाबा आणि आत्या लहानपणी काय खेळत असत, ते तिला त्या संध्याकाळी पाहायचे होते. माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही संगणक चालवणारी प्रणाली आहे. तिथे फाइल चालवण्याची आज्ञा दिली, तर तिचे स्वरूपच ओळखता येत नाही, असे उत्तर आले.

फाइल खराब झालेली नव्हती. जुन्या दप्तरातला मोडी कागद हातात आला, की भाषा मराठीच असूनही आपल्याला तो वाचता येत नाही, तसाच हा प्रकार होता. कागद शाबूत असतो, वाचणारा उरलेला नसतो. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ जॉर्डन मेकनर यांनी १९८९ मध्ये ॲपल टू या संगणकासाठी तयार केला आणि १९९० मध्ये त्याची डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, आज्ञा टाइप करून चालवायच्या प्रणालीवर चालणारी आवृत्ती आली. डॉसचे बहुतेक प्रोग्राम १६-बिट पद्धतीचे, म्हणजे एका वेळी १६ बिटांचे छोटे तुकडे हाताळणाऱ्या प्रोसेसरसाठी लिहिलेले असत. ३२-बिट विंडोजमध्ये असे प्रोग्राम चालवण्याची वेगळी सोय होती, परंतु ती प्रोसेसरच्या एका जुन्या मोडवर अवलंबून होती आणि प्रोसेसर ६४-बिट पद्धतीने काम करू लागला की तो मोड उपलब्ध राहत नाही. विंडोज ११ तर केवळ ६४-बिट स्वरूपातच आले. त्यामुळे डॉसचा खेळ थेट चालवण्याचा मार्ग तिथे बंद झाला आहे, आणि लिनक्सवर तो मुळातच नव्हता.

उपाय आहे तो डॉसबॉक्स. हा मोफत प्रोग्राम २००२ पासून उपलब्ध आहे आणि माझ्या मते जुन्या खेळांवर त्याच्याइतके उपकार दुसऱ्या कोणत्याही प्रोग्रामने केलेले नाहीत. तो केवळ डॉसच्या आज्ञा ओळखून थांबत नाही. जुना प्रोसेसर, चित्र दाखवणारे व्हीजीए कार्ड, आवाज काढणारे साउंड ब्लास्टर हे साउंड कार्ड, कीबोर्ड असा आख्खा संगणकच तो सॉफ्टवेअरमध्ये उभा करतो. आपण ‘माउंट सी’ ही आज्ञा देऊन आपल्या डिस्कवरचे एखादे फोल्डर त्याला सी ड्राइव्ह म्हणून दाखवायचे, तिथे जायचे आणि खेळाचे नाव टाइप करून एंटर दाबायचे. मी ते केले आणि काळ्या पडद्यावर राजवाडा उजळला.

आणि पेटीसारखे सूर वाजू लागले. हे मला अनपेक्षित होते, कारण साताऱ्याला आमच्या गल्लीतल्या ज्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आम्ही हा खेळ शिकलो, तिथल्या एकाही संगणकाला साउंड कार्ड नव्हते. संगणकाच्या आतल्या छोट्या स्पीकरमधून निघणारी पिकपिक हाच आमच्यासाठी प्रिन्सचा आवाज होता. डॉसबॉक्सला साउंड ब्लास्टर आधीपासूनच जोडलेले असते, त्यामुळे खेळाच्या फाइलमध्ये इतकी वर्षे असलेले, पण आम्ही कधीही न ऐकलेले संगीत त्या दिवशी प्रथमच कानावर पडले. तलवारीवर तलवार आपटल्याचा आवाज तलवारीसारखा आला. भाची खूश झाली. भाऊ मात्र थोड्या वेळाने म्हणाला, ‘‘ताई, हे आपलं नाही वाटत.’’ मग मी सेटिंगच्या फाइलमध्ये जाऊन साउंड कार्ड काढून टाकले आणि पिकपिक परत आली. मला दोन्ही आवडले, हे मोकळेपणाने सांगते. पण त्याचे म्हणणे मला पूर्णपणे पटले होते.

डोळ्यांना खटकत होते ते वेगळेच. प्रिन्स बुटका दिसत होता आणि खांबही ठेंगणे वाटत होते. त्या काळातल्या बहुतेक खेळांचे चित्र आडवे ३२० आणि उभे २०० ठिपक्यांचे असे, आणि ते चारास तीन या प्रमाणाच्या काचेच्या मॉनिटरवर पूर्ण पसरे. म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीच्या १.२ पट उंच दिसत असे आणि चित्रकारांनी तो तसा दिसणार हे धरूनच चित्रे काढलेली असत. आजच्या पडद्यावरचे ठिपके चौरस असल्यामुळे तेच चित्र वरून दाबल्यासारखे होते. डॉसबॉक्सच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘ॲस्पेक्ट’ नावाची एक ओळ आहे. ती चालू केली की प्रिन्स पुन्हा उंच आणि सडपातळ होतो. पुष्कळ लोक ही ओळ कधी बदलतच नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. मेकनर यांनी आपल्या भावाच्या धावण्याचे आणि उडी मारण्याचे चित्रीकरण करून, त्यातली एकेक चौकट गिरवून ही आकृती घडवली होती. ती चेपून पाहणे बरे नव्हे.

त्या खेळातला सावलीसारखा शत्रूही यंत्राच्या अडचणीतून जन्मला आहे. शत्रूची नवी आकृती मावेल इतकी मेमरी ॲपल टूमध्ये उरली नव्हती, तेव्हा मेकनर यांनी प्रिन्सचीच चित्रे थोडी सरकवून त्याच चित्रांशी ‘एक्स-ऑर’ या गणिती क्रियेने जोडली आणि त्यातून ती लुकलुकणारी आकृती तयार झाली. आरशातून उडी मारताना ती आपल्यातून बाहेर पडते. भाचीला मी हे सांगितले, तेव्हा तिने खेळ थांबवून ती आकृती पडद्याजवळ जाऊन पाहिली.

मात्र त्या संध्याकाळी सर्वांत जास्त वेळ घेतला तो दुसऱ्याच खेळाने. १९९१ च्या डॉस ५ पासून क्यूबेसिक ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा डॉससोबतच येत असे आणि तिच्याबरोबर काही नमुना प्रोग्राम येत. त्यांतला ‘निबल्स’ म्हणजे आकडे खाऊन लांब होत जाणाऱ्या सापाचा खेळ. आमच्या क्लासमध्ये प्रोग्रामिंग शिकण्याच्या नावाखाली तो उघडता येई, म्हणून तो प्रिन्सपेक्षाही अधिक खेळला जाई. एका कीबोर्डवर दोघे, दोन साप. माझ्या बाजूला बाण, भावाच्या बाजूला अक्षरे.

डॉसबॉक्समध्ये ‘सायकल्स’ हे माप असते. एका मिलिसेकंदात त्या नकली प्रोसेसरने किती सूचना पार पाडायच्या, ते त्यावरून ठरते. प्रिन्स सुरळीत चालावा म्हणून मी हे माप खूप वाढवून ठेवले होते. त्याच स्थितीत निबल्स सुरू केला, खेळाडू दोन, वेग मधला, अशी उत्तरे दिली आणि खेळ सुरू होण्याऐवजी ‘शून्याने भागाकार’ अशी चूक दाखवून तो थांबला. निबल्सची गंमत अशी, की त्याचा सगळा मजकूर डोळ्यांसमोर असतो आणि चूक नेमक्या ज्या ओळीवर आली, तीही दिसते. ती ओळ आणि तिच्या वरच्या ओळी मी वाचल्या. आधी घड्याळ पाहायचे. मग एक ते हजार मोजायचे, मध्ये काहीही करायचे नाही. पुन्हा घड्याळ पाहायचे. दोन्ही वेळांमधला फरक काढायचा आणि त्याने वेगाच्या आकड्याला भागायचे.

म्हणजे साप किती वेगाने पळवायचा हे ठरवण्यापूर्वी तो खेळ आपण कोणत्या संगणकावर आहोत, याचा अंदाज घेत असे. संथ यंत्राला हजार मोजायला जास्त वेळ लागे, जलद यंत्राला कमी, आणि त्या हिशेबाने सापाला थांबवायची मात्रा ठरे. आता त्या काळच्या पीसीचे घड्याळ सेकंदाला सुमारे १८.२ वेळाच पुढे सरके, म्हणजे ५५ मिलिसेकंदांपेक्षा लहान काळ त्याला दिसतच नसे. माझ्या लॅपटॉपने हजारापर्यंतची मोजणी घड्याळाच्या एका टिकटिकीच्या आतच संपवली, फरक शून्य आला आणि भागाकार अडला. ज्याने हा प्रोग्राम लिहिला, त्याने वेगवेगळ्या यंत्रांचा विचार निगुतीने केला होता. हजार मोजायला काहीच वेळ लागणार नाही, असे यंत्र मात्र त्याच्या हिशेबात नव्हते. मी कंट्रोल आणि एफ११ दाबत वेग खाली आणला. (लॅपटॉपवर त्यासोबत एफएन हे बटणही धरावे लागते, नाहीतर पडद्याचा उजेड किंवा आवाज बदलतो.) सायकल्स ३००० च्या आसपास आल्या आणि साप आमच्या ओळखीच्या चालीने निघाला. भाऊ पहिल्याच वळणावर जोरात ‘‘हाच!’’ म्हणाला. त्याच्या बोटांना तो वेग आठवत होता. जुना खेळ चालू झाला असे मी तेव्हाच म्हणते, जेव्हा हाताला तो ओळखू येतो. नुसता पडद्यावर दिसला म्हणजे काम झाले, असे मला वाटत नाही.

विंडोज ९५ च्या काळातल्या खेळांची तऱ्हा वेगळी आहे. त्यांतले बरेच खेळ स्वतः ३२-बिट असले, तरी त्यांचे इन्स्टॉलर, म्हणजे खेळ संगणकावर बसवणारे प्रोग्राम, १६-बिट होते, त्यामुळे ६४-बिट विंडोजवर खेळ बसवण्याचीच पंचाईत होते. लिनक्सवर त्यासाठी वाइन आहे. १९९३ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प नकली संगणक उभा करत नाही. विंडोजला उद्देशून केलेली प्रत्येक मागणी तो लिनक्सला समजेल अशी करून पुढे पाठवतो. तो १६-बिट विंडोज प्रोग्रामही सांभाळतो, त्यामुळे जो इन्स्टॉलर आजच्या विंडोजवर उघडत नाही, तो लिनक्सवर पुष्कळदा उघडतो. सीडीवरच्या खेळांबाबत एक गोष्ट अवश्य पाहावी. त्या काळी अनेक खेळांचे संगीत सीडीवर गाण्यांच्या ट्रॅकसारखे वेगळे लिहिलेले असे. नुसत्या फाइल उतरवून घेतल्या तर खेळ चालतो, पण मुका. अशा सीडीची संपूर्ण प्रतिमा, म्हणजे ट्रॅकसह हुबेहूब प्रत, काढून तीच डॉसबॉक्सला दाखवावी लागते.

प्रिन्सची आमची प्रत क्लासमधल्या एका फ्लॉपीवरून आलेली आहे, ती विकत घेतलेली नव्हती, हे इथे लिहिणे मला आवश्यक वाटते. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले कलम ५२ संगणक प्रोग्रामची जपणुकीसाठी प्रत काढू देते, पण ती मुभा प्रोग्राम रीतसर ज्याच्याकडे आहे त्यालाच असते. खेळ जुना झाला आणि बाजारात मिळत नाही, एवढ्यावरून तो सर्वांचा होत नाही. म्हणून ती सीडी मी कोणाला पाठवत नाही. २००८ पासून चालणाऱ्या जीओजी या दुकानात अनेक जुने खेळ डॉसबॉक्स आधीच जोडून विकले जातात. जे तिथे मिळतात, ते मी आता विकत घेते. मेकनर यांच्या वडिलांना २०१२ मध्ये घरात जुन्या डिस्कची पेटी सापडली आणि तिच्यातून ॲपल टूच्या प्रिन्सचा मूळ सोर्स कोड, म्हणजे मेकनर यांनी लिहिलेला प्रोग्रामचा मजकूर, वाचवून तो सर्वांसाठी खुला करण्यात आला, हे मला कळले, तेव्हा आमच्या मार्करने लिहिलेल्या सीडीची मला फार काळजी वाटू लागली. तिच्या कडेला आता एक तपकिरी डाग पडला आहे.

त्या रात्री मी तिच्यातले सगळे दोन वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतले आणि प्रत्येक खेळाच्या फोल्डरमध्ये त्याची सेटिंगची फाइल ठेवली. निबल्सच्या फाइलमध्ये सायकल्सचा आकडा आहे, प्रिन्सच्या दोन फाइल आहेत, एक साउंड कार्डसह आणि एक भावासाठी. आबांची पत्रे शिवाजी फाँटमध्ये टाइप केलेली निघाली. ती आजच्या संगणकावर उघडतात, पण अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. भाचीने विचारले, ‘‘आत्या, यांच्यासाठीपण काही असतं का?’’ तो फाँट मिळवून मी पहिले पत्र उघडले आहे, आणि उरलेली आजच्या सगळ्या संगणकांना वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये आणण्याचे काम या आठवड्यात सुरू केले आहे.