सोपोच्या पावत्या आणि नगरपालिकेचे शिफारसपत्र

गोव्यातील पालिका बाजारात बसून विक्री करणाऱ्यांकडून जागेपोटी सोपो नावाचे शुल्क वसूल केले जाते. माझी आई अनेक वर्षे आमच्या शहराच्या बाजारात फुले विकते, आणि सोपोच्या पावत्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकून ठेवण्याची तिला सवय आहे. 2020 च्या टाळेबंदीत देवळे बंद राहिली, लग्ने लांबणीवर पडली आणि धंदा पुरता बसला. बाजार पुन्हा उघडला तेव्हा माल उचलण्यापुरतेही भांडवल तिच्या हाती उरले नव्हते.

त्याच वर्षी 1 जूनला केंद्र सरकारने पथविक्रेत्यांसाठी पीएम स्वनिधी योजना सुरू केली होती. तारण किंवा जामीन न मागता पहिल्या टप्प्यात 10,000 रुपयांपर्यंतचे कर्ज, एका वर्षात मासिक हप्त्यांनी परतफेड आणि वेळेवर हप्ते भरणाऱ्याला व्याजावर 7 टक्के अनुदान, असे तिचे स्वरूप होते. पैसे बँक देणार होती; मात्र अर्जदार खरोखरच विक्रेता आहे, याची ग्वाही नगरपालिकेने द्यायची होती. आमची सारी धावपळ झाली ती या ग्वाहीसाठी.

पथविक्रेत्यांविषयीच्या 2014 च्या कायद्यानुसार शहरातील विक्रेत्यांचे सर्वेक्षण करून त्यांना विक्री प्रमाणपत्र द्यायचे असते. त्या कायद्याखालील नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले असावे लागतात. कागदावर व्यवस्था चांगली आहे. पण सर्वेक्षण झाले तेव्हा आई आजारपणामुळे बाजारात नव्हती, त्यामुळे यादीत तिचे नाव नव्हते, आणि नाव नाही म्हणून प्रमाणपत्रही नाही. पहिल्या खिडकीवर आम्हाला एवढेच सांगून परत पाठवण्यात आले. ज्या बाईकडून पालिका वर्षानुवर्षे सोपो घेते, तिला तीच पालिका ओळखत नाही, याचा मला संताप आला. पण वाद घालण्यात अर्थ नव्हता.

पुढे दुसऱ्या विभागातील एका लिपिक बाईंनी, यादीतून राहिलेल्यांसाठी शिफारसपत्राची तरतूद असल्याचे सांगितले. साध्या कागदावर अर्ज करायचा, विक्रीचा जो काही पुरावा असेल तो जोडायचा आणि पालिकेने स्थानिक चौकशी करून पत्र द्यायचे. आम्ही डबा उघडला. बऱ्याच पावत्यांची शाई उडालेली होती आणि काही पाण्याने चिकटून एक झाल्या होत्या. तरीही तारीख वाचता येईल अशा पुष्कळ निघाल्या. त्या वर्षवार लावून, त्यांच्या झेरॉक्स प्रती काढून अर्जाला जोडल्या. नंतर मार्केट इन्स्पेक्टर स्वतः आईच्या जागेवर आले. शेजारी बसणाऱ्या भाजीवाल्या मावशींना त्यांनी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “हिच्या आधी बाजारात कोण येते ते तुम्हीच सांगा!” आणि चौकशी तिथेच आटोपली.

पत्र हाती आल्यावर अर्ज ऑनलाइन भरला. बँकेत काही दिवस तो पडून राहिला, कारण कोणी सांगितले नाही, पण अखेर रक्कम खात्यात जमा झाली.

डिजिटल व्यवहारांवर महिन्याला 100 रुपयांपर्यंत कॅशबॅक मिळत असे, म्हणून आईने आपल्या जागेवर क्यूआर कोड लावला. मात्र 25 रुपयांखालचा व्यवहार त्यात धरला जात नव्हता, आणि तिची आबोलीची माळ तेव्हा 20 रुपयांना होती. योजना आखणाऱ्यांनी फुलवाल्यांचा विचार केला नसावा, असे आजही वाटते. तरी हप्ते वेळेवर गेल्यामुळे पुढे तिला 20,000 रुपयांचे दुसरे कर्ज मिळाले आणि त्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, तिने फुलांबरोबर गणपतीवर टांगायच्या माटोळीचे सामानही ठेवले.

ऑगस्ट 2025 मध्ये योजनेची फेररचना होऊन पहिल्या कर्जाची मर्यादा 15,000 आणि दुसऱ्याची 25,000 रुपये झाली, तिसऱ्याची 50,000 कायम राहिली आणि कर्जवाटपाची मुदत 31 मार्च 2030 पर्यंत वाढवण्यात आली. यादीत नाव नसलेल्या विक्रेत्याने पालिकेत जाऊन प्रमाणपत्राऐवजी थेट शिफारसपत्राविषयी विचारावे, आणि त्याआधी आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे की नाही ते पाहून घ्यावे, कारण ओटीपी त्याच क्रमांकावर येतो.